टांगलेला गारवा

दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणे लागत असताना गारव्यावर लिहिणे म्हणजे अवेळी राग आळवणे, हे मला कळते. परंतु आश्विनातल्या दुपारी ज्यांनी एस. टी.च्या खिडकीशी बसून प्रवास केला आहे, ते वाचक मला क्षमा करतील. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रांविषयी माझे ज्ञान दहावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे नाही. तरी गेले वर्षभर मी मोटारीतल्या एअर कंडिशनरचा इतिहास वाचीत बसलो, आणि त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी.

हा विद्यार्थी अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरी असतो. तिथल्या एका वृद्ध शेजाऱ्याकडून त्याने १९६६ सालची पाँटिॲक जीटीओ गाडी विकत घेतली. जिला तिकडे 'मसल कार' म्हणतात त्या जातीची. दंडावरची बेटकुळी फुगवून दाखविणाऱ्या पैलवानासारखी. तिच्यात एअर कंडिशनर नव्हता. म्हाताऱ्याने सारी वर्षे काचा खाली करून ती चालविली, आणि देताना एकच सांगितले की, पत्रा कापू नकोस. टेक्सासचा जून-जुलै म्हणजे आपला विदर्भातला वैशाख. तेव्हा विद्यार्थ्याने मला लांबलचक ई-पत्र लिहिले: "सर, यंत्र बसवू की नको? आणि बसवायचे तर कोणते? तुम्ही इतिहासाचे, म्हणून विचारतो."

यंत्राचे तत्त्व आपल्या माठापासून फार दूर नाही. माठाचे पाणी पाझरते, वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मोटारीत पाण्याऐवजी एक वायू असतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. तापलेला वायू रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, निवून द्रव होतो. आणि तो द्रव बारीक तोंडातून मोकळा सोडला की डॅशबोर्डाखालच्या नळ्यांत उकळून आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. फरक इतकाच, की माठाला पट्टा लागत नाही.

या यंत्राच्या आधी अमेरिकेच्या कोरड्या नैऋत्य भागात खिडकीला टांगण्याचे पाण्याचे नळकांडे असे. आत भिजलेली गादी, तीतून धावत्या गाडीचे वारे शिरायचे. नागपूर-अकोल्याच्या वाचकांना वाळ्याचा कूलर आठवेल. तत्त्व तेच, आणि दमट हवेत होणारी फजितीही तीच.

पॅकार्ड कंपनीने १९३९ साली, पुढल्या वर्षाच्या गाड्यांसाठी, खरे शीतयंत्र विकायला काढले. किंमत २७४ डॉलर. शीतक नळ्यांनी डिकीची बरीच जागा अडविली होती, आणि गारवा नको झाला तर कॉम्प्रेसर थांबवायला बटणच नव्हते. गाडी उभी करून, बॉनेट उघडून पट्टा उतरवावा लागे! दोन-तीन वर्षांत ते बंद पडले. पुढे महायुद्ध आले. १९५३ साली क्रायस्लरने पुन्हा मनावर घेतले, आणि १९५४ साली नॅश कंपनीने थंडी व ऊब देणारे सारे यंत्र गाडीच्या पुढच्या अंगातच सामावून दाखविले. ग्रंथकार येथे थांबतात.

मला खरी गंमत वाटली ती यापुढे. १९५० आणि १९६० च्या दशकांत बहुसंख्य गाड्या कारखान्यातून गारव्याशिवायच बाहेर पडत. टेक्सासातल्या गिऱ्हाइकाला तर तो हवा होता. म्हणून डॅलस, फोर्ट वर्थ या भागात स्वतंत्र कारखाने निघाले. त्यांची पेटी डॅशबोर्डाखाली, चालक आणि शेजारी यांच्या गुडघ्यांमध्ये टांगलेली असे. पुढे चकचकीत पट्टी, तीत झरोके. डॅलसच्या जॉन ई. मिचेल कंपनीचे 'मार्क फोर' हे अशा पेट्यांतले नामांकित नाव. ही कंपनी आधी कापसाच्या जिनांची यंत्रे करीत असे. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: कॅन्ससच्या ओमार नेडलिक नावाच्या दुकानदाराने मोटारीचे शीतयंत्र वापरून बर्फाळ सरबताचे एक यंत्र जुळविले, आणि ते घडवून विकले याच मिचेल कंपनीने. आज मुले 'आयसी' म्हणून जो रंगीत बर्फ चोखतात, त्याचे आजोळ मोटारीच्या बॉनेटखाली आहे.

फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलात बाजारात आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना फोर्डनेच दिलेले यंत्रसुद्धा असेच डॅशबोर्डाखाली टांगलेले होते. १९६७ च्या नमुन्यात ते आत गेले. म्हणजे ज्याला आज शौकीन मंडळी 'मागाहून लावलेले' म्हणून नाक मुरडतात, तो त्या काळाचा सर्रास रिवाज होता.

मसल कारचा आणि गारव्याचा संबंध मात्र सावत्र भावंडांसारखा. १९६४ च्या जीटीओत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते. अशा गाडीच्या गिऱ्हाइकाला शर्यतीच्या दिव्याकडे डोळा लावून उभे राहायचे असे. कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो, शिवाय वजन वाढवितो. क्रायस्लरचे ४२६ घनइंची 'हेमी' इंजिन घेणाऱ्याला तर कारखाना एअर कंडिशनर देतच नसे. ताकद घ्या किंवा गारवा घ्या.

आणि तरीही या दोन्हींचा जनक एकच माणूस! टॉमस मिजली. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत काम करताना १९२१ साली त्याने पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की इंजिन ठोकत नाही, हे शोधले. त्या शिशाच्या जोरावर पुढे चढ्या दाबाची इंजिने झाली. त्याच्याच मंडळींनी शोधलेला फ्रीऑन वायू १९३० साली त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. विषारीही नाही, पेटतही नाही! त्या काळच्या शीतपेट्यांतले वायू माणसे मारीत, म्हणून हा केवढा दिलासा वाटला असेल. १९४४ साली मिजली वारला. पोलिओने पांगळे झाल्यावर बिछान्यातून उठण्यासाठी त्यानेच केलेल्या दोऱ्या-कप्प्यांत तो गुरफटला. आपल्या दोन्ही देणग्यांचा हिशेब त्याला पाहावा लागला नाही. शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरले. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. फ्रीऑनसारखे वायू ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडले; १९८७ साली मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत या वायूचे उत्पादन थांबले. नव्या गाड्यांत त्याआधीच आर-१३४ए आला होता. तो ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वी तापवितो. म्हणून आता त्यालाही निरोप देणे चालू आहे.

विद्यार्थ्यापुढे वाटा तीन होत्या. जुन्या जीटीओंतून कारखान्याचे शीतयंत्र गोळा करून बसवायचे, ही पहिली. ती मला मुळीच पटली नाही. गारवा असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची हीटरची पेटी निराळी, झरोके निराळे. ते सारे बदलून गाडीला जे ती कधी नव्हती ते म्हणवायचे, म्हणजे बखरीत मागाहून पान घुसडायचे. दुसरी, एखादी जुनी टांगती पेटी दुरुस्त करून लावायची. माझे मन तिच्याकडे होते. तो त्या काळचा खरा पुरावा ठरला असता. तिसरी वाट आजच्या तयार संचाची. असे संच करणारी व्हिंटेज एअर ही कंपनी १९७६ साली त्याच्याच गावात, सॅन अँटोनिओत, निघाली. यात शीतक आणि हीटर एकाच पेटीत, डॅशबोर्डामागे दडलेले. कॉम्प्रेसर जुन्यापेक्षा लहान आणि हलका. नळ्या नव्या वायूला न गळणाऱ्या. जुन्या रबरी नळ्यांतून तो हळूहळू निसटतो, आणि त्याचा दाब पेलायला कंडेन्सरही अधिक कसाचा लागतो.

निर्णय त्याच्या आईने केला, तिला न विचारता. ती चाळीसगावची, सत्तरीतली, दर उन्हाळ्यात लेकाकडे जाते. गाडीत पुढे बसते आणि तिला संधिवात आहे. टांगती पेटी नेमकी गुडघ्यांवर गार वारा सोडणार! माझा ऐतिहासिक पुरावा तिथेच बाद झाला.

त्याने तिसरा मार्ग धरला, पण खर्चाचा पहिला भाग यंत्रावर घातला नाही, हे मला आवडले. आधी दारांची रबरे बदलली, गालिच्याखाली उष्णतारोधक थर घातला. मग मोठा रेडिएटर घेतला, कारण पुढे तापलेली जाळी बसली की सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन उकळते. पंख्याभोवती आच्छादन आले. मूळचा अल्टरनेटर दिवे आणि रेडिओ यांच्या बेताने केलेला, तोही बदलला. शेवटी पेटी. हीटरच्या मूळच्या भोकावर पट्टी बसली आणि बहुतेक कामे जुन्याच बोल्टांवर भागली. दोन छिद्रे मात्र पाडावी लागली. म्हाताऱ्याला दिलेला शब्द तेवढा मोडला. तसे त्याने जाऊन त्यांना सांगितलेही. छिद्रांची मापे वहीत लिहून ठेवली आहेत. कारागिराने पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली आणि सुमारे ८०० ग्रॅम वायू काट्यावर तोलून आत सोडला. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो.

काढलेली हीटरची पेटी, तारा आणि स्क्रू त्याने एका लाकडी खोक्यात भरून गॅरेजात ठेवले आहेत. खोक्याचे छायाचित्र त्याने मला पाठविले. वर खडूने, मी वर्गात गिरवून घेतलेल्या त्याच वळणात, लिहिले आहे: 'फेकू नये.'