एका तबकडीची वंशावळ

वंशावळ हा विषय ख्रिस्ती वाचकाला परका नाही. नव्या कराराचे पहिले पान उघडले की प्रथम भेटते ती नावांची लांबलचक मालिका. मत्तय आपली वंशावळ अब्राहामापासून सुरू करतो, लूक ती थेट आदामापर्यंत मागे नेतो, आणि दोन्ही याद्यांतील नावे सर्वत्र जुळत नाहीत. तरीही ख्रिस्तसभेने दोन्ही याद्या जपल्या. एकीच्या सोयीसाठी दुसरी खोडली नाही. कोण कोणापासून आले, हे सांगताना सांगणाऱ्याचा हेतूही तपासावा लागतो, हा धडा आपल्याला शुभवर्तमानानेच दिला आहे. प्रस्तुत लेखात हाच धडा आम्ही एका निराळ्या क्षेत्रात, म्हणजे संगीताच्या इतिहासात, लावून पाहणार आहोत. निमित्त आहे मुंबईत निघालेल्या एका जुन्या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेचे.

१९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाची एक लांब वाजणारी तबकडी प्रसिद्ध केली. वादक होते चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार, बास गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवण्यात त्यांची हयात गेली होती. या तबकडीत भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग होते. गायक नाही, तबला नाही. होती ती केवळ तीन जपानी विद्युत्‌यंत्रे. रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. पहिली दोन यंत्रे एकमेकांना जोडून अखंड ठेका धरायचा आणि त्यावर ज्युपिटरवर रागाचे स्वर वाजवायचे, अशी ही रचना होती.

त्या काळी डिस्कोचा ज्वर चढलेला होता. १९८० च्या ‘कुर्बानी’मध्ये बिद्दू यांच्या चालीवर नाझिया हसनचा आवाज घरोघरी पोहोचला होता, आणि १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ झळकला. अशा वेळी डिस्कोच्या ठेक्यावर राग बसवण्याची कल्पना सुचणे हे नवल नव्हे. पण श्रोत्यांना ती रुचली नाही. रागाच्या रसिकांना ठेका खटकला आणि नाचणाऱ्यांना गाणे सापडले नाही. तबकडी फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली.

तिचा पुनर्जन्म झाला तो वीस वर्षांनी. एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत ती जुन्या तबकड्यांत सापडली. पुढे त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे तिची नवी आवृत्ती काढली. ती ऐकून पाश्चात्त्य जाणकार थक्क झाले, कारण तिच्यातील गुरगुरणारा, घसरत चढणारा खर्ज हुबेहूब ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीतासारखा होता. त्या संगीताचा आरंभ सर्वमान्य समजुतीप्रमाणे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रयीच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’ या ध्वनिमुद्रिकेने झाला होता. मग पाच वर्षे आधी, मुंबईत, हे कसे?

येथून वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणू लागला की ही तबकडी बनावट आहे; एफेक्स ट्विन या नावाने संगीत प्रसिद्ध करणाऱ्या ब्रिटिश संगीतकाराने जगाची केलेली ही थट्टा असावी. दुसरा पक्ष दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या मते अॅसिड हाउसचा जन्म शिकागोत नव्हे तर मुंबईत झाला होता आणि चरणजित सिंग हे त्याचे जनक होते. आपल्याकडील वृत्तपत्रांना साहजिकच दुसरा पक्ष अधिक भावला. आम्हांस वाटते की दोन्ही पक्षांनी एकच चूक केली. पुराव्यांनी जेवढे सांगितले त्याहून अधिक त्यांनी ऐकले.

प्रथम बनावटपणाचा आरोप घेऊ. तो टिकत नाही. मूळ तबकडीच्या छापील प्रती अस्तित्वात आहेत. तिच्यातील यंत्रे त्या काळी बाजारात आलेलीच होती. टीआर-८०८ हे १९८० चे, तर टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही १९८१ च्या सुमारास आलेली. चित्रपटसृष्टीत अशी नवी वाद्ये परदेशातून आणण्याची चढाओढ असे, आणि आपण ती सिंगापूरहून आणल्याचे खुद्द वादकाने सांगितले होते. शिवाय २०१५ च्या जुलैत निधन होईपर्यंत ते मुंबईतच राहत होते, मुलाखती देत होते आणि उतारवयात युरोपातील रंगमंचांवर तेच राग पुन्हा वाजवीत होते. जिवंत साक्षीदार, छापील वस्तू आणि यंत्रांचा काळ या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की संशयाला जागा उरत नाही.

आता पितृत्वाचा दावा. येथे यंत्राचे थोडे अंतरंग जाणून घ्यावे लागते. टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवले होते. त्यात स्वर आधी भरून ठेवायचे असतात. काही स्वरांवर आघात देता येतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. खऱ्या बास गिटारची नक्कल म्हणून ते साफ फसले आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. जुन्या वस्तूंच्या दुकानांत ते कवडीमोलाने विकले जाऊ लागले, तेव्हा शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती आले. त्यांनी एकच लहानसा स्वरसमूह अकरा मिनिटांहून अधिक काळ फिरवत ठेवला आणि यंत्राची बटणे पिळून त्याचा पोत बदलत नेला. त्यांच्या रचनेत पोत हेच सर्वस्व होते. चरणजित सिंग यांचे लक्ष मात्र रागाकडे होते. त्यांना यंत्राची घसर उपयोगी पडली ती मींडेला जवळची म्हणून. नाद सारखा, पण हेतू वेगळा.

आणि या तरुणांनी मुंबईची ती न खपलेली तबकडी ऐकली होती, असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. हे यंत्र त्यांच्या आधी वापरणारे इतरही होते. स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या समूहाचे ‘रिप इट अप’ आणि इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकची १९८३ ची रचना ही त्याची उदाहरणे. आम्ही दिवा जंक्शनच्या परिसरातील माणसे; आम्हांला हे चटकन समजावे. वसईकडून एक मार्ग येथे येतो, पनवेलकडून दुसरा, कल्याणकडून तिसरा. एका गाडीमागून दुसरी गाडी आली म्हणून पहिलीने दुसरीला आणले असे कोणी म्हणत नाही. आधी येणे आणि जन्म देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चरणजित सिंग आधी आले, हे सत्य आहे आणि ते पुरेसे गौरवाचे आहे. त्यावर पितृत्वाचा मुकुट चढवण्याची आवश्यकता नाही.

तो चढवल्याने कोणावर तरी अन्याय होतो, हेही विसरता कामा नये. शिकागोचे ‘हाउस’ संगीत आकाशातून पडले नव्हते. त्याच्या मागे डिस्को होते, डिस्कोच्या मागे ‘सोल’ संगीत होते आणि ‘सोल’च्या मुळाशी अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनागीते होती. गुलामगिरीत पिळून निघालेल्या लोकांनी देवाला मारलेली हाक नाचाच्या ठेक्यापर्यंत पोहोचण्याची ती दीर्घ वाट होती. आपल्या देशाभिमानापोटी ती वाट पुसून टाकणे आपल्याला शोभणारे नाही.

मग आपल्या समाजाने या तबकडीकडे का पाहावे? आमच्या मते तिचे खरे मोल तिच्या वेष्टनावर आहे. तेथे वादकाचे नाव छापलेले आहे. चित्रपटसंगीताच्या जगात हे भाग्य फार थोड्यांना लाभले. चित्रपटगीते वाद्यांवर वाजवून काढलेल्या तबकड्यांमुळे व्हॅन शिपली किंवा पुण्याचे अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांची नावे श्रोत्यांना कळली. परंतु ज्या शेकडो वादकांनी मूळ गाणी वाजवली, त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हती, तबकडीवरही नव्हती. वादक येई, पुढ्यात ठेवलेली स्वरलिपी वाजवी, पैसे घेई आणि पुढच्या स्टुडिओकडे निघे.

या वादकांत कॅथलिकांची संख्या लक्षणीय होती, आणि त्याला ऐतिहासिक कारण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपीवाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई, ते मुख्यतः उपासनेच्या सेवेसाठी. पोट भरण्यासाठी हीच मुले मुंबईला आली तेव्हा कागदावरचे संगीत वाचून वाजवणारे म्हणून त्यांना वाद्यवृंदांत स्थान मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. राग आणि पाश्चात्त्य साधने यांच्या संगमाचा हा प्रयत्न चरणजित सिंग यांच्या तबकडीच्या चोवीस वर्षे आधीचा आहे. पण सामान्य माणसाला त्यांचे नाव ठाऊक झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. लोकांनी मात्र तो विनोद समजून टाळ्या दिल्या.

आल्दोन्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांची गोष्टही अशीच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो नवा बाज आणला, त्यात या वादकाचा हात होता; चित्रपटात तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यरचना सॅबेस्टियन डिसोझा वर्षानुवर्षे कागदावर उतरवीत होते. चाल कोणाची, वाद्यरचना कोणाची आणि त्यातला एखादा उत्स्फूर्त तुकडा कोणाचा, हे सांगणारा कागद बहुधा उरलेला नाही. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी वृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा पुष्कळांची नावे प्रथमच छापली गेली.

येथे दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला मोह असा की सारे श्रेय संगीतकाराला देऊन वादकाला यंत्र मानायचे. दुसरा त्याच्या उलट : प्रत्येक प्रसिद्ध चाल आपल्याच माणसाने केली आणि दुसऱ्याने चोरली, असे पुराव्याविना म्हणत राहायचे. पहिल्या मोहात कामकऱ्याचे वेतन बुडते. दुसऱ्यात शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली जाते. दोन्ही गोष्टी आपल्या धर्माला सारख्याच अमान्य आहेत.

यातून मार्ग एकच, तो पुरावा जपण्याचा. गोवा, वसई, मुंबईची जुनी गावठाणे, मंगळूर अशा ठिकाणांहून येऊन दिवा, डोंबिवली, कल्याण आणि ठाणे या पट्ट्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांत कोणाचे आजोबा लग्नाच्या बँडमध्ये, कोणाचे काका हॉटेलच्या वाद्यवृंदात, कोणाचे वडील स्टुडिओत वाजवत असतील. अशा घरांतील पेटीत हस्तलिखित स्वरलिपी असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नये. छायाचित्राच्या मागे माणसांची नावे आणि साल लिहून ठेवावे. तबकडी असल्यास तिच्या लेबलावरील मजकूर आणि मधल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा, कारण तारीख ठरवण्यास पुष्कळदा तोच उपयोगी पडतो. वृद्ध वादकाची आठवण त्याच्याच शब्दांत नोंदवावी, आणि ती आठवण आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, असेही प्रामाणिकपणे लिहावे. पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या जपणाऱ्या समाजाला हे काम अवघड नाही.

चरणजित सिंग यांच्या बाबतीत तबकडी उरली, नाव उरले आणि सुदैवाने ते हयात असतानाच विचारणारा त्यांच्या दारी पोहोचला. म्हणूनच त्यांचा वाद सुटू शकला. आपल्या घरांतील वादकांच्या दारी विचारणारा परदेशाहून येईल, याची वाट पाहण्याचे कारण नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरस्तानात जाऊन मृतांची नावे घेतो, त्यांच्यासाठी मेणबत्त्या लावतो. त्यांनी हातांनी आणि श्वासाने जे निर्माण केले, त्यावर त्यांचे नाव लिहिणे हेही त्याच स्मरणभक्तीचे अंग आहे.