देवेंद्र कुरवंजी : एका पोथीची सव्वाशे वर्षे

मराठी रंगभूमीचा आरंभ म्हटला की सांगली आणि १८४३ साल ही जोडी आठवते. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' त्या मानास पात्रही आहे. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावरच्या भोसल्यांच्या वाड्यात, त्यापूर्वी किमान सव्वाशे वर्षे मराठी नाटके रचली जात होती. ती महाराष्ट्रास ठाऊक नव्हती, याचे कारण ती छापली गेली नाहीत. यांपैकी सरफोजी राजे दुसरे यांच्या 'देवेंद्र कुरवंजी'ची हकीकत विशेष चटका लावणारी आहे.

कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. नायिका विरहाने झुरत असते. डोंगरातली कुरव जातीची भविष्य सांगणारी स्त्री टोपली व काठी घेऊन येते, आपण हिंडलेल्या देशांचे वर्णन करते आणि हात पाहून प्रियकराच्या भेटीचे भाकीत वर्तवते. आपल्याकडचा कुडमुड्या जोशी असाच दारोदार फिरतो, पण त्याला कोणी नाटकात मुख्य भूमिका दिली नाही. सरफोजींनी नायिका इंद्राणी केली, आणि या भटकीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र हे सारे स्वर्गातल्या राणीला गाण्यांतून ऐकवले जाते! श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या राजाला पाश्चात्त्य विद्येची गोडी होती, आणि ती दरबारी नाटकात आणण्यास त्याला संकोच वाटला नाही.

याच राजाने १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळात दगडावर कोरवला. १८०५ साली त्याने देवनागरी छापखाना उभारला आणि पुढच्याच वर्षी तेथून 'बालबोध मुक्तावली' ही इसापच्या गोष्टींची मराठी पोथी निघाली. म्हणजे शिळा होती, यंत्र होते, खिळे होते. 'देवेंद्र कुरवंजी' मात्र हस्तलिखितच राहिली. याचा फार अचंबा वाटण्याचे कारण नाही. नाटक ही त्या काळी वाचण्याची वस्तू नव्हती. ते गाण्याचे आणि नाचण्याचे होते. सूत्रधारापाशी प्रत असली म्हणजे भागत असे.

पण प्रयोग थांबले की अशा वस्तूला आधार कोणाचा? १८३२ साली सरफोजी वारले. १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा करून वाड्यातील चीजवस्तूंवर हात टाकला. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राजसत्तेचे कृत्य आहे, न्यायालयास येथे अधिकार नाही, असा निवाडा दिला. बर्नेलसाहेबांनी वाड्यातील पोथ्यांची नामांकित सूची १८८० साली सिद्ध केली, पण ती संस्कृत ग्रंथांची. मराठी दप्तरे बाजूलाच राहिली. १९१८ साली सरस्वती महाल ग्रंथालय सार्वजनिक झाले आणि अखेर १९५० मध्ये त्याच ग्रंथालयाने ही कुरवंजी छापली. राजाच्या मृत्यूला तेव्हा ११८ वर्षे झाली होती.

तंजावरजवळच्या मेलट्टूर गावाची गोष्ट याच्या अगदी उलट. वेंकटराम शास्त्र्यांची तेलुगू भागवतमेळा नाटके तेथे नरसिंहजयंतीच्या उत्सवात देवळापुढे रात्र रात्र चालतात. भोवतालची भाषा तमिळ, नाटकाची तेलुगू. स्त्रियांची सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले, आणि बापाची भूमिका पोराकडे येते. तेथे ना राजा होता, ना छापखाना. दरवर्षी उभा राहणारा एक मांडव होता. त्या मांडवाने प्रह्लादाची कथा राखली. इंद्राणीला भूगोल ऐकवणाऱ्या मराठी कुरवंजीला मात्र असे गाव लाभले नाही, आणि छापील पुस्तक हाती येईपर्यंत तिच्या दरूंच्या चाली गळ्यात घोळवणारी पिढी केव्हाच निघून गेली होती.