कोलू पाटलाची पाळ

नवेगावबांधचा तलाव कोणी बांधला, असं विचारलं की आजोबा आधी सातबहिणीच्या डोंगरांकडे बोट दाखवत. कोलू पाटील कोहळ्याच्या हातून पाळ काही पुरी होईना, तेव्हा या सातजणी मदतीला धावल्या. पुढे कोलू पाटलाचाच कोलासुर देव झाला. डोंगरावरचं त्याचं ठाणं आजही पुजलं जातं. गोष्ट अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. तलाव बांधणाऱ्याला थेट देवपण मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

चांद्याच्या गोंड राजाने काशीकडून तलाव बांधणारे कोहळी आणले, हीदेखील आजोबांचीच गोष्ट. जो तलाव बांधेल, त्याला खालची भिजणारी जमीन, असा म्हणे करार होता. खरंखोटं इतिहासकारांनी पाहावं. पण अर्जुनी मोरगावकडे पाळीमागून पाळ लागते, तेव्हा करार चोख पाळला गेला असणार, असं वाटतं.

आजोबांच्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी उतरलं की बंड्या जुंपल्या जात. तलावातला गाळ बांधीत पडे, धानाला वेगळं खत लागत नसे. पाळीवरच्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावली, तर म्हातारी माणसं ओरडत, "तोडू नोको, पाळ उघडी पडते!" पाणी कास्तकाराचं, मासे ढिवरांचे. पर्यावरण हा शब्द कोणाच्या कानावरून गेला नव्हता.

1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी गेली. ती जायलाच हवी होती. वेठीच्या गोष्टी आजोबा एवढ्या चवीने सांगत नसत. पण तलाव सरकारजमा झाले, 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले आणि पाळीवर माती टाकायला कोणी जायचं, हे ठरवायचं राहून गेलं. गाळ साचला. काठाने बेशरमीची झुडपं माजली. अधिक उत्पन्नासाठी रोहू-कटल्याचं बीज आलं, पाणवनस्पती खाणारा गवत्या मासाही आला. मरळीसारख्या गावठी माशांना अंडी घालायला, लपायला आडोसा उरला नाही.

ही गाठ सोडवली ती ढिवरांनीच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर त्यांच्याकडे शिकायला गेले, हे मला फार मोलाचं वाटतं. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे त्या लोकांना तोंडपाठ होतं. मग अर्जुनी मोरगावच्या नवतलावासारख्या ठिकाणी बेशरम उपटली गेली. बाया लुगड्याचा काचा मारून गुडघाभर चिखलात उतरल्या. दुसऱ्या तलावातून आणलेली रोपं अंगठ्याने गाळात दाबत गेल्या, रोवणीच्या वेळी परे दाबतात तशीच. तलावांच्या ठेक्यात पुरुषांचाच शब्द चाले. तिथे या बाया बोलू लागल्या, हेही कमी नाही.

गोंदियाच्या 'सेवा' संस्थेने सारसासाठी अशीच गावाची साथ घेतली. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. तो घरटं करतो ते धानाच्या बांधीत आणि तलावकाठच्या पाणथळीत. पीक तुडवतो म्हणून पूर्वी घरटी मोडली जात. आता कित्येक ठिकाणी कास्तकारच ती राखतात.

तुमच्या गावच्या तलावात बेशरम माजली असेल, तर पाणी उतरल्यावर ती मुळासकट काढा आणि काठावर ठेवू नका. तिची तोडून टाकलेली फांदीसुद्धा ओल मिळताच पुन्हा मूळ धरते.