तळटीप : वर्तुळाकार आरएनए
१२. जनुकाचा निरोप वाहणारा आरएनए सहसा सरळ धाग्यासारखा असतो. वर्तुळाकार आरएनएची दोन्ही टोके मात्र एकमेकांना जोडलेली असतात. टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना शिरकावच मिळत नसल्याने तो रक्तात, लघवीत बराच टिकतो. यातले काही रेणू मायक्रोआरएनए या छोट्या, जनुकांना आवर घालणाऱ्या आरएनएला धरून ठेवतात, हे २०१३ मध्ये दिसून आले. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीर नाकारू लागल्याची चाहूल लघवीतल्या अशा रेणूवरून लागू शकते, असे २०१९ मधील संशोधन सांगते. ही चाचणी अजून नेहमीच्या वापरात नाही. म्हणून मूत्रपिंडाचा बिघाड लवकर कळावा यासाठी मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत लघवीतले अल्ब्युमिनही वेळच्या वेळी तपासून घ्यावे. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाची बरीच क्षमता गेलेली असते. – संपा.