खंजिरी, पेटी आणि माउथ ऑर्गन : वऱ्हाडातील मोजक्या वाद्यांची गोष्ट (थ्रेड)

१९४२ च्या ऑगस्टअखेरीस चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, इंग्रज सरकारने तेहतीस वर्षांच्या एका भजनकाराला अटक केली. अवघ्या काही दिवसांपूर्वी, १६ ऑगस्टला, चिमूर आणि आष्टी येथे लोक सरकारी सत्तेवर उघडपणे चालून गेले होते. अटक झालेल्या माणसाजवळ शस्त्र नव्हते. सरकारला धास्ती होती ती त्याच्या गळ्याची आणि हातातल्या खंजिरीची. तुकडोजी महाराजांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरच्या आरंभी सोडण्यात आले.

अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मगाव, वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू आणि १९३५ मध्ये मोझरीला उभे राहिलेले गुरुकुंज ही कर्मभूमी. हे चरित्र बहुतेकांना ठाऊक असते. त्या चरित्रातील वाद्याकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष जात नाही. हजारोंच्या सभेपुढे उभे राहणाऱ्या गायकाची ओळख इतक्या लहान वाद्याशी का जोडली गेली?

खंजिरी म्हणजे लाकडी कडे, एका बाजूला ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. तोंड मोकळे राहते, पायही मोकळे राहतात. गाणारा चालू शकतो, वळू शकतो, श्रोत्यांकडे झुकू शकतो. कातड्यावरची थाप क्षणात विरते आणि चकत्यांची किणकिण गळ्याच्या पट्टीपेक्षा बरीच वर राहते, त्यामुळे शब्दावर काहीच पसरत नाही. शिवाय हात आणि गळा एकाच माणसाचे! एखादा शब्द ठसवायचा असेल तर हात आपोआप थांबतो. साथीदाराला खूण करावी लागत नाही.

ज्या श्रोतृवर्गात अनेकांना अक्षरओळख नव्हती, त्याच्यापुढे ही साधी गोष्ट राहत नाही. सावकारी, व्यसने, अस्पृश्यता, गावाची स्वच्छता, पारतंत्र्य हे सारे विषय भजनातून सांगायचे होते. शब्द निसटला तर छापील कागदावर तो पुन्हा वाचण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती.

त्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे होते. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. श्रोत्यांना विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, मग सर्वांनी नामगजर करायचा. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकावे. तेथे बोलणे हाच ताल आहे आणि वाद्यांची उणीव क्षणभरही भासत नाही. पुढे दीड महिन्यातच, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचा देहान्त झाला.

आता पेटीकडे वळू. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून हाताच्या भात्याने वाजवता येईल असे तिचे रूप घडवले. संगीत नाटकांनी ऑर्गन आणि पेटीची गोडी महाराष्ट्रभर लावली, आणि पाहता पाहता गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी येऊन बसली. सूर चटकन मिळतो, नवशिक्याला आधार होतो, हे तिचे गुण निर्विवाद आहेत.

अडचण तिच्या पोटात आहे. पितळी पट्टी हवेने थरथरते आणि भाता चालू असेपर्यंत तिचा सूर अखंड राहतो. तो सूर बहुधा गळ्याच्याच टापूत असतो. शिवाय प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला साधत नाही. याच आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले आणि सुमारे तीन दशके ते बंदच राहिले. ही बंदी अतिरेकीच होती. वाद्याचा दोष आणि ते सतत वाजवण्याचा दोष यांत तिने फरक केला नाही. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांसारखा कलावंत असला की तीच पेटी गायकाच्या मागे सावलीसारखी चालू शकते, हे महाराष्ट्राला त्याआधीच ठाऊक होते.

माउथ ऑर्गन हा या पेटीचा धाकटा भाऊबंद. पट्टी तीच, भात्याच्या जागी माणसाची फुप्फुसे. जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर याने १८५७ पासून तो बनवायला घेतला आणि पुढे हे खिशातले वाद्य जगभर गेले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात ते मुरले. चर्चमधील भजनांची धग लौकिक गाण्यांत आणणारे ‘सोल’ संगीत १९५० च्या दशकात आकाराला आले, तेव्हा मात्र माउथ ऑर्गनला तेथे जागा मोजकीच मिळाली.

कारण उघड आहे. सोलमध्ये मुख्य गायक हाक देतो आणि मागचे ओ देतात. आपल्या भजनातले ध्रुपद धरणे याहून फार निराळे नाही. ही ओ देण्याचे काम तेथे साथीचे गायक, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट करीत. माउथ ऑर्गनचा टोकदार सूर सतत चालू राहिला तर तो थेट गळ्याशीच भांडतो. स्टीव्ही वंडरचे उदाहरण बोलके आहे. शिकागोच्या रीगल थिएटरात बारा वर्षांचा असताना ध्वनिमुद्रित झालेले त्याचे ‘फिंगरटिप्स’ १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात माउथ ऑर्गन मुक्तहस्ते आहे, कारण ते गाणे त्या वाद्याचेच आहे. १९६८ च्या ‘फॉर वन्स इन माय लाइफ’मध्ये तोच कलावंत आधी गातो आणि मधल्या जागेत माउथ ऑर्गन ओठांना लावतो. ज्याला स्वतः गायचे आहे त्याच्यावर हे वाद्य संयम लादतेच, तोंड एकच असते!

हिंदी चित्रपटानेही हे ओळखले होते. ‘शोले’मध्ये (१९७५) रात्री दिवे मालवले जात असताना जय जो माउथ ऑर्गन वाजवतो, तो राहुल देव बर्मन यांच्यासाठी भानू गुप्ता यांनी वाजवला. एवढ्या लांबलचक चित्रपटात ती धून थोडकाच वेळ येते. ती कानांत राहिली ती बहुधा त्यामुळेच.

मोझरीला परत येऊ. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, तुकडोजी महाराजांचे निर्वाण झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात मौन श्रद्धांजली वाहिली जाते. भजनांसाठी जमलेला प्रचंड समुदाय त्या क्षणी निःशब्द उभा असतो. वाद्ये खाली ठेवलेली असतात.

या परंपरेला केवळ साधेपणाच्या चौकटीत बसवणे मात्र सोपे नाही. अकोला जिल्ह्यातील अकोटचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. ‘सप्तखंजिरीवादक’ हीच त्यांची ओळख झाली आहे. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा यांवर घणाघात करणाऱ्या त्यांच्या प्रबोधनाला वऱ्हाडातील गावे रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. वाद्य एकाचे सात झाले. पण त्यांचा कार्यक्रम ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते : सातही खंजिऱ्यांचा कल्लोळ दोन बोलण्यांच्या मधल्या फटीत येतो, गर्दी जागी करतो, आणि पुढचा टोला हाणायच्या वेळी हात कड्यांवरून उचललेले असतात.