प्लेगच्या जिवाणूची दोन घरे

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे पटापट दगावू लागली. ताप प्रखर, आणि जांघेत किंवा काखेत गाठ. हा प्लेग होय, असे निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. गोव्यातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेल्या या कॅथलिक डॉक्टरांचे निदान खरे ठरले, आणि मुंबई रिकामी होऊ लागली. कोकणातले चाकरमानी गावाकडे परतू लागले. आमच्या देवगडसारख्या बंदरांना मुंबईची बोट म्हणजे एरवी आनंदाची वार्ता. त्या दिवसांत तिच्याकडे धास्तावूनच पाहिले गेले असेल.

रोगाचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी शोधला होता. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविले.

येथे एक कोडे उभे राहते. पिसवेचे आतडे आणि मनुष्याचे रक्त ही दोन अगदी भिन्न घरे. एकच जिवाणू दोन्हीकडे कसा नांदतो?

उत्तराची किल्ली पॅरिसमध्ये सापडली. मोनो यांनी आतड्यातील एका साध्या जिवाणूला दोन साखरा एकत्र दिल्या. त्याने आधी ग्लुकोज संपविले, थोडा थांबला, मग दुधातील साखरेकडे वळला. १९६१ मध्ये जाकोब व मोनो यांनी याचा उलगडा केला: दुधाची साखर पचविणाऱ्या जनुकांवर एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते, ती साखर आली की ते सुटते आणि जनुके कामाला लागतात. जिवाणू आपली सर्व हत्यारे एकाच वेळी परजत नाही. काटकसरी गृहिणीप्रमाणे लागेल तेवढेच बाहेर काढतो. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना ल्वॉफ यांच्यासमवेत मिळाले.

प्लेगच्या जिवाणूला किल्ली मिळते ती उष्णतेची. पिसवेच्या अंगी, सुमारे २६ अंशांवर, तो चिकट थर विणतो. तिचे आतडे तुंबते, आणि भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते. मनुष्याच्या ३७ अंशांवर तो थर विणणे थांबते व रक्तातील रक्षक पेशींपासून वाचविणारे कवच चढते. हे कवच ३७ अंशांवरच नीट तयार होते, हे शुत्झे यांनी १९३२ मध्ये दाखविले. म्हणूनच लसीसाठी जिवाणू कोणत्या तापमानात वाढविला, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो: कवचाविना मारलेला जिवाणू शरीराला शत्रूची खरी ओळख करून देत नाही.

शास्त्रज्ञ हे कसे तपासतात? एकच जिवाणू दोन तापमानांत वाढवून कोणती जनुके जागी झाली ते ताडून पाहतात. एखादे जनुक काढून टाकून काय बिघडते ते पाहतात. किंवा त्याला चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडतात, म्हणजे ते जागे होताच प्रकाश दिसतो.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेग पुन्हा प्रकटला. सुरतेहून माणसांचे लोंढे बाहेर पडले. शंभर वर्षांपूर्वीचेच भय. परंतु आता हाताशी प्रतिजैविके होती आणि शत्रूची ओळख होती. त्या ओळखीचा आरंभ आपल्याकडे मांडवीच्या अंधाऱ्या खोल्यांत, रोग्याच्या खाटेजवळ बसलेल्या एका डॉक्टराने केला. सारे पळत असताना तो थांबला होता, हे विसरता कामा नये.