गोळी, खार आणि वणवा

वणवा कशाने लागतो, असं कुणी विचारलं तर आपण चटकन उत्तर देतो. विडीच्या थोटकाने, आकाशातल्या विजेने, नाही तर कुणी मुद्दाम लावल्याने. अमेरिकेच्या पश्चिम भागात या यादीत आणखी एक कारण लिहिलं जातं, ते म्हणजे रायफलची गोळी. या गोळीचं लक्ष्य दर वेळी हरिण किंवा अस्वल असतं असंही नाही. कधी कधी ते असतं एक खार. एवढासा जीव, एवढीशी गोळी आणि पुढे मैलोन्‌मैल पेटलेलं रान! हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर दोनेकशे वर्षं मागे जावं लागतं.

ही खार म्हणजे आपल्या अंगणातली, पाठीवर पट्टे मिरवणारी खारूताई नव्हे. कॅलिफोर्नियातली ही खार जमिनीत बीळ करून राहते. शेपटीसकट दीड फुटाच्या आसपास लांब, मातकट रंगाची आणि कळपाने वस्ती करणारी. दगडांच्या राशीवर उभी राहून ती चहूकडे नजर ठेवते आणि धोका दिसला की शीळ घालून सगळ्यांना बिळात पिटाळते. १८२६ साली ‘ब्लॉसम’ हे इंग्रजी जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आलं. त्याचा कप्तान फ्रेडरिक बीची. शास्त्रज्ञांनी पुढे या खारीला त्याचंच नाव दिलं.

पण गोष्टीची खरी सुरुवात त्याही आधीची, आणि ती आहे गवताची. १७६९ मध्ये स्पॅनिश धर्मप्रसारक आणि शिपाई कॅलिफोर्नियात स्थिरावू लागले. त्यांच्याबरोबर गुरं आली आणि गुरांबरोबर, चाऱ्याबरोबर भूमध्य समुद्राकाठच्या गवतांचं बी आलं. त्यात रानटी ओट होता, इतरही गवतं होती. ही गवतं एका हंगामाची. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यावर ती तरारतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून कोळ होतात. चित्रांत आणि चित्रपटांत दिसणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या त्या सोनेरी टेकड्या म्हणजे खरं तर पेटायला तयार असलेली गंजीच!

तिथले मूळ रहिवासी रानाला अधूनमधून स्वतःच बेताने आग लावत. बी-बियाणं चांगलं यावं, कोवळा पाला फुटावा, हा त्यामागचा हेतू. नव्या राज्यकर्त्यांना हे पसंत नव्हतं. १७९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर आरिय्यागा याने फर्मान काढून ही जाळणी बंद करायला सांगितलं. म्हणजे झालं काय? एकीकडे झटकन पेटणारं परकं गवत वाढत गेलं आणि दुसरीकडे ते आटोक्यात ठेवणारा जुना हात दूर केला गेला. गुरांनी चरून मोकळी केलेली माळरानं खारींना मात्र मानवली. शत्रू लांबून दिसतो, अशी उघडी जागा त्यांना आवडतेच.

पुढे गव्हाचे मळे आले आणि शेतकरी व खार यांच्यात उभा दावा सुरू झाला. खार धान्य खाते, बांध पोखरते, तिच्या बिळात गुरांचे पाय अडकतात. तरीही हे भांडण शेताच्या कुंपणापुरतंच होतं. ते सरकारदरबारी नेलं प्लेगने.

इथे या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी ज्या प्लेगचं निदान केलं, ज्याने १८९७च्या मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांचा बळी घेतला, त्याच जागतिक साथीची लाट १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत शोधलेली लस तिथल्या चिनी वस्तीवर सक्तीने टोचण्याचा घाट घातला गेला. लोकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने ती सक्ती मोडून काढली. पुण्यामुंबईत प्लेगच्या नावाखाली जी जुलूम-जबरदस्ती झाली, तिची आठवण ज्यांनी ऐकली-वाचली आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही.

शहरातला प्लेग उंदरांच्या पिसवांवरून रानातल्या खारींपर्यंत गेला. १९०८ मध्ये कॉन्ट्रा कोस्टा परगण्यातल्या खारींमध्ये तो सापडला. आता खार नुसती शेतकऱ्याची चोर राहिली नाही, ती रोगाची वाहक ठरली. आणि एकदा का एखादा जीव शत्रू ठरला, की त्याच्याशी कसं वागायचं याला धरबंध राहत नाही.

१९१८ साल याची साक्ष देतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियाचे फलोत्पादन आयुक्त जॉर्ज हेके यांनी एप्रिलअखेर ‘खार सप्ताह’ जाहीर केला आणि त्यासाठी फौज उभी केली शाळकरी मुलांची! भित्तिपत्रकांवर खारींच्या डोक्यावर जर्मन सैनिकांची टोकदार शिरस्त्राणं चितारली होती. विष लावलेल्या बार्लीची कृती पत्रकांतून वाटली गेली. मारलेल्या खारीची शेपटी आणून द्यायची, जास्त शेपट्यांना बक्षीस. आठवड्याअखेर एक लाख चार हजार पाचशे नऊ शेपट्या जमा झाल्या. आज हा आकडा वाचताना खारींपेक्षा त्या मुलांची आठवण जास्त येते. आपण त्यांच्या हाती काय दिलं होतं?

इतकं करून खार संपली नाही. ती आजही आहे. विषाबरोबर बंदूकही राहिली. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खारी टिपणं हा तिथे शेतीच्या राखणीचा भाग आहे, तसा तो अनेकांचा छंदही आहे.

आता आगीकडे वळू. गोळी हवेतून जाताना रान पेटवत नाही. तिचा वेग सेकंदाला आठ-नऊशे मीटर असू शकतो. एवढ्या वेगाने ती कठीण पृष्ठभागावर आदळली की क्षणात चेपते, फाटते, तिचे तुकडे होतात आणि वेगातली शक्ती उष्णतेत बदलते. आपल्या भाषेत ‘चकमक’ हा एकच शब्द आग पाडण्याच्या गारेलाही आहे आणि शस्त्रांच्या झटापटीलाही. तुर्कीतून आलेल्या या शब्दाने ही जवळीक कधीच ओळखली होती. शास्त्राने ती मोजून पाहिली २०१३ मध्ये.

अमेरिकेच्या वनखात्याच्या संशोधन केंद्रातले मार्क फिनी आणि त्यांचे सहकारी यांनी रायफलच्या गोळ्या पोलादी पत्र्यावर झाडल्या आणि खाली पडणारे तुकडे भट्टीत वाळवलेल्या शेवाळाच्या भुश्शावर पडू दिले. काही तुकड्यांचं तापमान आठशे अंश सेल्सिअसच्याही वर गेलं असावं, असं दिसलं. पोलाद असलेल्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनी भुसा हमखास पेटत होता. आत शिसं आणि वर तांब्याचं कवच असलेल्या गोळीने संपूर्ण प्रयोगात एकदाच आग लावली. तांब्याची गोळी ग्रॅनाइटच्या दगडावर आदळली तरी भुसा पेटला. तुकडे लवकर थंड होतात, हे खरं. पण जवळ बारीक आणि अगदी कोरडं गवत असेल तर तेवढा क्षण पुरतो.

खारीची जागा आठवून पाहा. ती बसते दगडांच्या राशीवर आणि नेम चुकला तर गोळी लागते दगडाला. भोवती गुडघाभर वाळकं गवत. हरणावरची गोळी निदान त्याच्या देहात अडते. इथे सगळा खेळच जमिनीलगतचा.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं भय नाही. २०१२च्या जूनमध्ये युटा राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्जजवळ नेमबाजीच्या सरावातून आग लागली. तिथे खारी नव्हत्या, नुसतं निशाण होतं. साडेपाच हजारांच्या आसपास एकर जळून गेलं आणि सुमारे नऊ हजार माणसांना घरदार सोडून निघावं लागलं.

या कहाणीतला खरा पेच मात्र पुढेच आहे. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचा एक प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी आहे. १९८२ मध्ये जगात त्याचे अवघे बावीस जीव उरले होते. मारून टाकलेल्या जनावरांच्या देहात शिशाचे कण राहतात, काँडोर ते मांस खातो आणि विषबाधेने मरतो. खारींची कलेवरंही त्यात आली. म्हणून २०१३ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्य जीवावर शिशाची गोळी झाडायला पूर्ण बंदी आली. शिशाऐवजी काय वापरायचं? बहुतेकांच्या हाती आलं तांबं! म्हणजे पक्ष्याला वाचवणारी गोळी गवताला जास्त धोक्याची.

यावरून कायदाच चुकला, असा सूर काही शिकारी लावतात. मला तो पटत नाही. शिशाचं विष ऋतू पाहत नाही. ते डिसेंबरात मारतं, तसंच जूनमध्येही मारतं. आगीला मात्र कोरडं गवत लागतं, दगड लागतो, वारा लागतो. ती टाळणं माणसाच्या हातात आहे. गवत हिरवं असेल तेव्हाच बंदूक काढावी, दगडाच्या राशीवर नेम धरू नये, पोलादी गोळी घरीच ठेवावी, सोबत पाणी आणि फावडं असावं, आणि आगीचा इशारा दिलेल्या दिवशी बंदूक खुंटीवरच राहू द्यावी. शिशाच्या विषावर असा कुठलाच इलाज शिकाऱ्याजवळ नाही. कंडका पाडायचा तर तो असाच पडतो.

परकं गवत माणसाने आणलं, जुनी जाळणी माणसाने थांबवली, जहाजांतून प्लेग माणसानेच नेला. खारीने या सगळ्यात केलं एवढंच, की मिळालेल्या जागेत बीळ खणलं. त्या बिळावर नेम धरणाऱ्याने चाप ओढण्याआधी पायाखालचं गवत एकदा मुठीत चुरडून पाहावं. ते कुरकुरलं, तर त्या दिवशी खारीला सोडून द्यावं. आसपासच्या गावांच्या दृष्टीनेही तेच बरं.